प्लेटमधलं कडं आणि मामांचा पाय

पत्र :

नमस्कार सर, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माझे सासरे (आम्ही मामा म्हणतो) ६८ वर्षांचे. बारा वर्षं शुगर आहे. एप्रिल छाटणीनंतर बागेत फिरताना छाटलेल्या काडीचं टोक चपलेतून आरपार जाऊन डाव्या पायाच्या अंगठ्याखाली घुसलं. त्यांना कळलंच नाही. घरी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा समजलं. डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. पित्त होतंय म्हणून मामांनी तीन दिवसांत गोळ्या सोडल्या. तेव्हापासून आत्या, म्हणजे सासूबाई, वृंदावनातली तुळस वाटून रोज लेप लावतात. पाच आठवडे झाले. जखम वरून सुकल्यासारखी दिसते पण मिटत नाही. कडेला लाली आहे, लेप काढला की आत ओलं दिसतं.

मी दवाखान्यात चला म्हणते. पण माझा मुलगा सांगलीला मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं प्रोजेक्टमध्ये तुळस, पुदिना आणि पानओवा तपासला. तिन्ही पानांनी जंतू मारले आणि पानओव्यानं तर अँटिबायोटिकलाही मागं टाकलं म्हणतो. आता आत्या लेपात पानओवाही वाटतात. त्याच्या वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. शिवाय नणंदेचं सात महिन्यांचं बाळ आलं आहे, त्याला सर्दी झाली की आत्या अमृतधारेचं बोट नाकाखाली फिरवतात. घरात मी एकटी पडले आहे. कुणाचं खरं?

– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, कुणाचं खरं ते नंतर बघू. आधी मामांना गाडीत बसवा. हे वाचाल त्या दिवशीच.

बारा वर्षांची शुगर, तळपायाची जखम, पाच आठवडे उघडी, कडेला लाली आणि आत ओल. यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या तरी मी थांबलो नसतो, तुमच्याकडे पाचही आहेत. मामा म्हणत असतील, "मला काही दुखत नाही." गोम तिथंच आहे. काडी पायात घुसली आणि माणसाला ते फरशीवरच्या रक्तावरून कळलं, म्हणजे तळपायाच्या नसा शुगरनं बधिर झाल्या आहेत. अशा पायात आत पू साठला तरी मामा भाकरी खाऊन निवांत झोपतील. लाली पसरायला लागली, पाऊल गरम लागलं, सुजलं, कुठं काळपट झालं, वास आला, थंडी वाजून ताप आला किंवा शुगर एकाएकी चढली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उजाडायची वाट बघू नका.

निघण्याआधी लेप नळाच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली हलक्या हातानं धुऊन काढा. खरवडू नका. वर कोरडं स्वच्छ गॉज ठेवा आणि काही लावू नका, हळदसुद्धा नाही. गोळ्यांची उरलेली स्ट्रिप बरोबर घ्या, पण मनानं पुन्हा चालू करू नका. पाच आठवड्यांपूर्वी जखमेत जे जंतू होते तेच आज असतील असं नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर ते आतला नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवतील आणि मग औषध ठरवतील. पित्त झालं होतं हे आपणहून सांगा. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, कोर्स मधेच सोडावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायची : घुसली होती ती लाकडाची काडी होती. खिळा किंवा काच आत राहिली तर एक्स-रेत बहुधा दिसते. लाकडाचा तुकडा बहुतेक वेळा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी करावी लागते. पाच आठवडे न मिटणाऱ्या जखमेत द्राक्षाच्या काडीचा नखाएवढा तुकडा अडकलेला असू शकतो. असेलच असं मी इथं बसून सांगू शकत नाही. पण असेल तर जगातलं कुठलंही पान त्याला बाहेर काढणार नाही, आणि कुठलीही गोळीही नाही. तो चिमट्यानंच निघेल.

आता घरातल्या भांडणाकडे वळू.

मी डॉक्टर नव्हे. एकतीस वर्षं सांगलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, हजारो प्लेटा (जंतू वाढवायच्या काचेच्या बशा) ओतल्या आणि त्यातल्या निम्म्या मुलांनी बुरशी आणून घालवल्या. त्यामुळं तुमच्या चिरंजीवांच्या वहीचं पान मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. अक्षर छान आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यानं आकडे लिहिलेत, नुसतं "चांगला परिणाम दिसला" असं लिहून मोकळा झालेला नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडता येतं.

त्यानं निवडलेली तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, पुदिन्याच्या. आत्यांना ही ओळख पटवायची असेल तर तुळशीची कोवळी फांदी बोटांत धरून फिरवायला सांगा. ती गोल फिरत नाही, चार कडा लागतात. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि फूल जवळून पाहिलं तर दोन ओठ उघडल्यासारखं दिसतं. सब्जा, मरवा, पाच नावाची वनस्पती, तुंबा, दीपमाळ ही सगळी त्याच गोतातली. पावसाळ्यात कासच्या पठारावर जी जांभळी मंजिरी पसरते, तीही. जोतिबाला वाहतो तो दवणा मात्र नव्हे, तो सूर्यफुलाचा नातलग. आणि आपला डब्यातला ओवाही नव्हे, तो कोथिंबिरीच्या घरचा. पानओव्याला ओव्याचा वास येतो तो नात्यामुळं नाही. दोन वेगळ्या घराण्यांनी जवळजवळ तोच रेणू बनवला म्हणून येतो.

हा वास कुठं असतो तेही बघण्यासारखं आहे. पानाच्या पृष्ठभागावर बारीक केस असतात, त्यातल्या काहींच्या टोकाला तेलाची सूक्ष्म पिशवी असते. म्हणून तुळशीजवळून नुसतं गेलं तर फारसा वास येत नाही, पान चुरगाळलं की पिशव्या फुटतात आणि हात दिवसभर दरवळतो. झाडानं हे तेल आपल्यासाठी केलेलं नाही. कीड आणि बुरशी दूर राहावी, गुरांनी तोंड लावू नये, हा त्यातला हेतू. तुळशीत बहुधा युजेनॉल असतं, तेच लवंगेतही असतं आणि दातांचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही. पुदिन्याच्या काही जातींत मेंथॉल. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल.

या चौघांत जंतूंच्या बाबतीत खरे पैलवान शेवटचे दोन. ते जंतूच्या पातळ आवरणात घुसतात आणि ते गळकं करतात. आतले क्षार बाहेर येतात, ऊर्जा तयार करायची यंत्रणा बसते, जंतू मरतो. हे खरं आहे आणि अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मेंथॉल त्यामानानं मवाळ. पुदिन्यानं घसा थंड वाटतो तो जंतू मेल्यामुळं नाही. मेंथॉल आपल्या नसांवरचा गारव्याचा संवेदक दाबतं आणि मेंदूला खोटी बातमी देतं. या संवेदकांच्या कामाला २०२१ साली नोबेल मिळालं. तुमच्या मुलाच्या प्रयोगात पुदिन्याचं कडं (जंतू न वाढलेली गोल जागा, ती पुढं समजावतो) सगळ्यात लहान आलंय, ते बरोबरच आलंय.

म्हणजे आत्यांचा अंदाज निराधार नाही आणि नातवानं खोटं काही लिहिलेलं नाही. चूक पुढच्या पायरीवर झाली.

वहीच्या पानावर असं आहे : जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस (जखमेत पू करणारा एक नेहमीचा जंतू), भोक पाडून अर्क भरण्याची पद्धत. तुळस १४ मिलिमीटर, पुदिना ११, पानओवा १९. शेजारी ॲम्पिसिलीन या अँटिबायोटिकची डिस्क (औषध लावलेली कागदाची चकती), १७. खाली लाल पेननं दोन रेघा मारून लिहिलंय, "पानओवा > ॲम्पिसिलीन".

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या बशीत अगर नावाची जेली ओततात, तिच्यावर जंतू एकसारखे पसरतात. जेलीत औषध ठेवलं की ते हळूहळू भोवती झिरपतं. रात्रभरात बाकी बशीवर जंतूंची दुधी साय धरते आणि औषधाभोवती स्वच्छ गोल कडं राहतं. कडं मोठं म्हणजे औषध जोरदार, असं कुणालाही वाटेल. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं.

आता त्याच पानावर वर, बारीक अक्षरात, अर्काचं प्रमाण लिहिलंय : मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, आणि प्रत्येक भोकात १०० मायक्रोलिटर. गुणाकार करा. एका भोकात १० मिलिग्रॅम अर्क पडला. ॲम्पिसिलीनच्या डिस्कवर औषध असतं १० मायक्रोग्रॅम. हजारात एक. एकीकडं पोतंभर आणि दुसरीकडं चिमूटभर ठेवून कोण भारी ते ठरवलं. अर्क म्हणजे शुद्ध औषध नव्हे, त्यात हरितद्रव्य, साखर, चोथा सगळं आलं, हे मान्य. पण मग तुलना कशाची केली हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट त्याच्या सरांनी पकडायला हवी होती. अँटिबायोटिकच्या कड्याला तक्ता असतो. आम्ही वापरत आलो त्या तक्त्यात या जंतूसाठी ॲम्पिसिलीनचं कडं २९ मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच औषध लागू पडतं असं धरतात. त्याहून कमी म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. १७ म्हणजे एकतर जंतू आधीच ॲम्पिसिलीनला पुरून उरलेला होता किंवा फ्रिजातली डिस्क जुनी झाली होती. आधीच पाठ टेकलेल्या पैलवानाच्या छातीवर बसून आपला पठ्ठ्या जिंकला म्हणून हलगी वाजवली, असं झालं. कुस्तीच्या गावात राहतो, त्याला हे सांगावं लागू नये.

आणि अर्क कशात काढला? मिथेनॉलमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या स्पिरिटात. मग नुसत्या मिथेनॉलचं एक भोक हवं होतं, ते पानावर कुठं दिसत नाही. ही चूक माझ्या हातूनही झालेली आहे, म्हणून इतक्या खात्रीनं दिसते. एका वर्षी आमच्या मुलांना सगळ्याच पानांना सुरेख कडी मिळाली, अगदी बाभळीलासुद्धा, सगळी एकाच मापाची. दोन दिवस आम्ही खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मामांनी, बाटल्या धुणाऱ्या, विचारलं, "सर, नुसतं स्पिरीट टाकून बघितलं का?" बघितलं. तेच कडं.

समजा हे सगळं त्यानं सुधारलं आणि तरी पानओव्याचं कडं टिकलं. टिकेल, मला वाटतं. तरी बशीतून मामांच्या पायापर्यंत मोठा पल्ला राहतो. तो कागदावर मांडून बघू, कारण तुमच्या मुलाला आकडे आवडतात.

समजा मामांनी तुळशीची पाच पानं चावून खाल्ली, फार तर एक ग्रॅम. ताज्या पानात तेल एक टक्क्याहून कमी, आपण अर्धा टक्का धरू. म्हणजे ५ मिलिग्रॅम. मामांच्या अंगात रक्त सुमारे ५ लिटर. चावलेल्या पानांतलं सगळं तेल, थेंबही न गमावता, रक्तात उतरलं असं मानलं तरी दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम झालं. प्रत्यक्षात तेवढंही पोचत नाही, यकृत असले रेणू झपाट्यानं बदलून लघवीवाटे बाहेर टाकतं. आणि जंतू थांबायला या तेलांचं प्रमाण साधारण शेकडो मायक्रोग्रॅमच्या घरात लागतं. जिथं शंभर लोक हवेत तिथं एक पाठवल्यासारखं.

मग पोटातून नको, जखमेवरच जास्त लावू, असं आत्या म्हणतील. तिथं दुसरी अडचण येते. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूच्या भिंतीवर वार करतात. तशी भिंत आपल्या पेशींना नसतेच, म्हणून ते औषध रक्तात मुबलक फिरवता येतं. थायमॉल, कार्व्हाक्रॉल हे पेशीचं पातळ आवरण फाडतात आणि तसलं आवरण आपल्या पेशींनाही असतं. जंतू मरण्याइतकं प्रमाण उघड्या मांसावर ठेवलं तर नवी धरू पाहणारी कातडीही पोळते. वाटलेल्या पानात तेवढं प्रमाण नसतं, त्यामुळं पोळत नाही, आणि त्याच कारणानं खोलवरचे जंतूही मरत नाहीत. शिवाय शुगरच्या जखमेत एकटा स्टॅफिलोकोकस क्वचितच असतो. स्यूडोमोनास नावाचा एक हिरवट पू करणारा जंतू अशा जखमांत बऱ्याचदा येतो, त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि आत शिरलेलं औषध उपसून टाकणारे पंप असतात. या तेलांना तो फारसा जुमानत नाही.

लेपाचा खरा तोटा मात्र याहून साधा आहे. पान वृंदावनातून येतं, म्हणजे मातीतून आणि शेणातून. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू नेमके तिथंच पडून असतात, नुसत्या पाण्यानं धुऊन ते जातील याचा भरवसा नाही. पाटा-वरवंट्यावर आदल्या दिवशीचं वाटण असतं. आणि लेप वाळला की वर हिरवट काळं खापर धरतं. खाली लाली किती पसरली, कड काळी पडतेय का, पू पिवळा की हिरवा, काही दिसत नाही. तुम्हीच लिहिलंय बघा : वरून सुकल्यासारखी, काढलं की ओली. सुकला होता तो लेप.

आता एक गोष्ट मी मुद्दाम उशिरा सांगतोय, कारण ती आधी कळली असती तर तुमचे चिरंजीव पुढचं वाचलेच नसते. पानओव्यापासून शुगरच्या पायासाठी खरंच औषध झालेलं आहे. तैवानमध्ये. पानओव्याचा एक अर्क आणि मंडूकपर्णीचा एक अर्क, आपण जिला ब्राह्मी म्हणून ओळखतो ती, असं मिळून केलेलं मलम. २०२१ साली त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २३६ पेशंट, निम्म्यांना मलम, निम्म्यांना नेहमीचं चांगलं ड्रेसिंग. सोळा आठवड्यांत मलमवाल्यांपैकी सुमारे ६१ टक्के जखमा पूर्ण भरल्या, दुसऱ्या गटात सुमारे ३५ टक्के. शुगरच्या पायावर असे आकडे सहज मिळत नाहीत. आत्यांना हे जरूर वाचून दाखवा, त्यांचा हात चुकीच्या झाडाकडं गेला नव्हता.

पण ते मलम चालतं कसं? जंतू मारून नव्हे. शुगरच्या जखमेत पहाऱ्यावर आलेल्या पांढऱ्या पेशी भडकून बसतात आणि दुरुस्तीच्या कामाला लागतच नाहीत. हे मलम त्या पेशींना भांडणातून काढून बांधकामाला लावतं, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. तुमच्या मुलाच्या बशीत ते ठेवलं तर कदाचित नाव घेण्यासारखं कडंही येणार नाही. आणि चाचणीतल्या जखमा हाडापर्यंत संसर्ग न पोचलेल्या, मेलेलं मांस काढून स्वच्छ केलेल्या होत्या. अर्कही ठरावीक मापाचा. दारातल्या कुंडीतलं पान वाटून त्यातलं काहीच साधत नाही. मला या गोष्टीची गंमत वाटते ती अशी की झाड बरोबर निघालं आणि कारण साफ वेगळं. बशीवर विसंबून राहिले असते तर संशोधकांच्या हातून ते निसटलं असतं.

हे कूळ जंतूंवर सरळ उपयोगी पडतं अशी जागा आहे का? आहे, तोंडात. लिस्टरिन या चूळ भरायच्या औषधाच्या मूळ प्रकारच्या बाटलीवर बारीक अक्षरं वाचा : थायमॉल ०.०६४ टक्के, मेंथॉल ०.०४२ टक्के, आणखी दोन तेलंही. थायमॉलचा हिशेब केला तर मिलिलिटरला ६४० मायक्रोग्रॅम. आपल्या पाच पानांचा १ आठवतोय ना? इथं औषध रक्तातून जात नाही, अर्धं मिनिट दातांवर खेळतं आणि थुंकून टाकलं जातं. हिरड्यांची सूज आणि दातांवरचा थर त्यानं कमी होतो हे चाचण्यांत दिसलेलं आहे. जागा जवळची, प्रमाण पुरेसं, वेळ थोडा.

सर्दी-खोकल्याला आत्यांनी तुळस-आल्याचा काढा दिला तर माझी तक्रार नाही. उलट तिथं मी त्यांच्या बाजूनं आहे. साधी सर्दी विषाणूंची असते, तिला अँटिबायोटिक लागतच नाही आणि मेडिकलमधून मनानं आणलेली, लाल रेघेची स्ट्रिप घेणाऱ्यांपेक्षा काढा पिणारा शहाणा. झाकण ठेवून उकळा, नाहीतर सुगंधी तेल वाफेबरोबर स्वयंपाकघरभर जातं आणि भांड्यात गरम पाणी राहतं. तेही घशाला बरंच वाटतं म्हणा.

पाण्याच्या बाबतीत मात्र ही सूट नाही. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत एका घरी पिण्याच्या पिंपात तुळशीच्या डहाळ्या सोडलेल्या मी पाहिल्या. क्लोरीनची बाटली शेजारी तशीच, सीलबंद, कारण "त्याला वास येतो". पिंपभर पाण्याला त्या डहाळ्यांनी जंतुमुक्त करायचं म्हटलं तर ते पाणी पिता येणार नाही इतकं उग्र होईल. पाणीपुरीवाल्याच्या हिरव्या पाण्याचंही तेच. पुदिना आहे म्हणून पोट सांभाळेल असं मानून मीही भडंग संपल्यावर तिकडं वळलेलो आहे, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतलेली आहे.

बाळाचं थोडक्यात आणि कडक सांगतो. अमृतधारा आजपासून बाळाच्या खोलीबाहेर. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर, म्हणजे शुद्ध मेंथॉल, थायमॉल आणि कापूर, तिन्ही घट्ट खडे एका बाटलीत घातले की आपोआप पाणी होतं, लहानपणी मला तो चमत्कारच वाटायचा. पण ते तेवढंच तीव्र असतं. तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर लावला तर श्वासनलिका आवळली जाऊन श्वास अडू शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि बाळ बोट तोंडात घालणारच. बामही नको. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, ते दूध पाजण्याआधी घाला. छाती आत ओढली जात असेल, श्वास जलद चालला असेल किंवा बाळ दूध घेईनासं झालं असेल तर बालरोगतज्ज्ञ गाठा. आत्यांना हे सांगताना नणंदेला पुढं करा, लेकीचं त्या ऐकतील.

आत्यांकडून तुळशीचं काम काढून घेऊ नका. हळदीचं तर त्याहून अवघड आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिच्याविरुद्ध इथं ब्र काढणारा माणूस बाजारपेठेतून सरळ चालत जाऊ शकत नाही. हळद भाजीत, तुळस दारात आणि चहात, पानओव्याची भजी पावसाळ्यात. जखमेवर फक्त डॉक्टर सांगतील ते.

मुलाला दोन कामं द्या. एक कॉलेजचं : तोच प्रयोग नळ्यांमध्ये कर म्हणावं, अर्क दर नळीला निम्मा करत जा, कुठल्या प्रमाणाला जंतू वाढायचे थांबतात ते मायक्रोग्रॅममध्ये लिही, आणि नुसत्या मिथेनॉलची नळी विसरू नको. आकडा आला की मला पाठव, मी वाचेन. दुसरं घरचं. रोज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आजोबांचे दोन्ही तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. मामांना स्वतःचा तळपाय वाकून दिसत नाही आणि दुखलं तर कळत नाही, तेव्हा ते डोळे नातवाचे. बागेत जाताना पातळ चप्पल बंद, जाड तळव्याचे बूट, आणि घालण्याआधी आत हात घालून खडा-काटा चाचपायचा.

आणि त्या दिवशी पायात होती ती चप्पल फेकली नसेल तर दवाखान्यात बरोबर न्या. काडी तळव्यात किती खोल गेली आणि तिचं टोक तिथंच मोडलं का, ते तिच्या भोकावरून डॉक्टरांना बघू दे.